नामीनं लिवलेलं पत्र

माझं नाव बायजा. मांडव्यापासनं कोसभर आत, खाडीच्या काठाला आमचा गाव, एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला मिठागर आन मधी मातीचा बांध. बापूस मिठागरावर राबायचा, आय धवलारीन. धवलारीन म्हंजे आमच्या आगरी लोकात लगीन लावनारी बाई, ती धवले गायची तवा लगीन लागायचं, एकेक धवला येवढा लांब की हळद लावून व्हायची तरी गानं सरत नसायचं, आन त्येला पुस्तक न्हाय, कागद न्हाय, सगळं आयच्या डोक्यात. आन गानं तर गानं, लग्नघराच्या भितीवर तांदळाच्या पिठानं चौक बी तीच लिवायची. लिवायची म्हनते मी, तुमी हसाल, पन आमच्यात चौक काढत न्हायत, लिवतात.

मी थोरली, पाठची नामी. नामी तीन वरसांची असताना तिला ताप आला, आठ दिस डोळा उघडला न्हाय, मंग ताप उतरला, पोर उठून बसली, पेज प्याली, आमाला वाटलं वाचली. वाचली खरी, पन मागनं हाक मारली तर वळंना. आयनं कानापाशी तांब्या बडवला तरी वळंना. कान गेले, आन जे चार शब्द येत व्हते तेबी हळूहळू गेले. गावात समदी तिला मुकी म्हनायची, आय मातर भांडायची, म्हनायची बारशाला नाव ठेवलंय ते घ्या.

पन काय सांगू तुमाला, पोर भारी हुशार. आमची तिघींची हातवाऱ्यांची बोली झाली व्हती. पाठीवर ओझं दाखवलं की बापूस, कपाळावर आडवं बोट ओढलं की आय. आन चौक लिवायला बसली म्हंजे आयच्या पुढं जायची. आयच्या चौकात बाशिंग, पालखी, सूर्य, चांद ठरल्या जागी असायचे, नामी एखाद्या कोपऱ्यात नवरीचा रुसलेला भाऊस घालायची, आन तो खरंच रुसलेला असायचा, लोक बोट दाखवून हसायचे.

मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्या पुढच्या साली आमच्या गावात मुलींच्या शाळेवर सुमतीबाई आल्या. पुन्याकडच्या, उंच, काटकुळ्या, पायात वहाना घालून बांधावरनं चालायच्या, पावसात दोनदा घसरल्या तरी वहाना सोडल्या न्हाय. सकाळी पोरी शिकवायच्या, आन दुपारी बाया भात कांडून मोकळ्या झाल्या की शाळेच्या ओटीवर आमाला बसवायच्या. मला गावातच दिली व्हती, म्हनून मी जायची, नामीला घेऊन जायची.

बाईंना आयच्या चौकाचं लय वेड. पहिल्याच लग्नाला आल्या, भितीसमोर उभ्या राहिल्या, जेवनाच्या पंगती उठल्या तरी या उभ्याच. आयला म्हनाल्या, तुम्ही हे काढता तेव्हा आधी काय काढता. आय म्हनली, बाई, काढत न्हाय मी, लिवते. बाई तिथंच थांबल्या. म्हनाल्या, पुन्हा सांगा. मंग म्हनाल्या, आम्ही शाळेत अक्षर लिहितो आणि चित्र काढतो, दोन वेगळ्या वह्या करतो, तुमची एकच वही आहे. आयला त्यातलं काय कळलं न्हाय, ती म्हनली, वही न्हाय वो, भित हाय.

त्या दिसापासनं बाईंनी एक जाड वही केली. एका पानावर धवला, समोरच्या पानावर त्याच धवल्याचा चौक, खाली आमी त्येला काय म्हनतो ते. आय धवला म्हनायची, बाई लिवायच्या, चुकल्या की आय थांबवायची, म्हनायची तसं न्हाय, असं. पुस्तकं शिकलेली बाई, पन आयच्या पुढं पाटीवरच्या पोरीसारखी बसायची, कवा रागावली न्हाय, कवा आमचा शब्द सुधारला न्हाय. नामीच्या हाताच्या खुना बी शिकली. पयल्यांदा चुकायची, एकदा तर बापसाची खून दाखवायला गेली आन बैलाची दाखवली, नामी पोट धरून हसली. आमच्या घराभायेरचं कोन तिच्याशी बोलायला बसलं ते ह्या बाईच पहिल्या.

एका दुपारी बाईंनी पोरींच्या पुस्तकातली कविता वाचली. लेक सासरी चाललीय अशी ती कविता. बाया रडायला लागल्या, मीबी रडली. बाई म्हनाल्या, आता रडू पुसा आणि पाटीवर दाखवा, कोण गेलं. कुनी डोली लिवली, कुनी होडी, कुनी नुसता बांध लिवला लांबच्या लांब, त्यावर एक ठिपका. नामीला कविता ऐकू येनार कशी. ती आमच्या पाट्या बघत फिरली, एकेकीच्या तोंडाकडं बघितलं, मंग बसली आन लिवलं. दाराशी एक बाई, पाठमोरी, एक हात दाराच्या चौकटीवर. बस येवढंच. जानारी लेक न्हायच त्यात. बाईंनी पाटी हातात घेतली आन समद्यांना दिसंल अशी धरली. मंग आमाला म्हनाल्या, मी कविता वाचली, तुम्ही ती ऐकलीत, आणि हिनं तुमच्या चेहऱ्यांवरून ती वाचली. आमच्यातल्या बऱ्याच जनींना त्या दिशी कळलं की मुकी काय मुकी न्हाय.

पुढं दोन वरसांनी नामीचं लगीन झालं, खाडीपल्याडच्या गावात. नवरा हासू, मुंबईला गोदीत कोळसा उचलायचा. भला मानूस. अक्षर वळखत न्हवता, पन नामीच्या खुना महिन्याभरात शिकला. त्याच्या भिवईवर जखमेचा वन व्हता, नामी भिवईवर बोट ओढायची, म्हंजे हासू. वरसातनं दोनदा घरी यायचा, गौरी-गनपतीला आन शिमग्याला. त्याचा थोरला भाऊस बी त्याच्याच खोलीत राहायचा, तो चार बुकं शिकलेला, गावाकडनं पत्र आलं की तोच वाचून दाखवायचा.

तीन वरसं मूल झालं न्हाय. सासूच्या मनात दुसरी सून. गौरी झाल्या, हासू मुंबईला गेला, आन दसरा झाल्यावर सासू नामीला गाठोड्यासकट आमच्या दारात घेऊन आली, म्हनली चार दिस माहेरी राहू दे. चार दिसांचे चाळीस झाले. तवर नामीला दिस गेल्याचं आमाला कळलं. बापूस आनंदानं सांगायला गेला, तर सासू म्हनली, तुमची पोर आपल्या पायानं निघून गेली, आता ते पोट कुनाचं कोनास ठाऊक, आमी हासूला कळवलंय, शिमग्याला दुसरी सोयरीक ठरलीय. बापूस परत आला तो ओटीवर बसला, डोक्याचं मुंडासं सोडलं न्हाय, भाकर खाल्ली न्हाय.

बाईंनी पत्र लिवलं. चांगलं लिवलं, मला वाचून दाखवलं, माझ्या डोळ्याला पानी आलं. पंधरा दिसांनी जबाब आला, अक्षर थोरल्याचं, हासूचं काही म्हननं न्हाय, काडीमोड घ्या. मागनं कळलं, थोरल्यानं बाईंचं पत्र लिवलं तसं वाचून दाखवलंच न्हवतं, त्यानं हासूला सांगितलं की तुझे सासरेच काडीमोड मागतायत. पन तवा आमाला काय ठाऊक. आय म्हनली, हासू असा न्हाय. बापसाचे पाय मिठानं चरलेले, जखमा घेऊन तो मुंबईला जानार कसा, माझा मालक मचव्यावर खलाशी म्हनून गुजरातकडं गेलेला. बाई म्हनाल्या मी जाते, पन सुट्टी शिमग्याची, आन शिमग्याला तर तिकडं लगीन. बाई दोन दिस तो जबाब पुन्हा पुन्हा वाचीत व्हत्या. मला म्हनाल्या, बायजा, मी लिहिलं ते दुसऱ्याच्या तोंडात गेलं, अक्षराला असा मध्ये माणूस लागतो.

नामीला आमी काय सांगितलं न्हवतं. पन तिच्यापासनं काय लपतंय. ती आमची तोंडं वाचीत व्हती. एक दिस शाळेत आली, बाईंसमोर हात पसरला, कागदाची खून केली. बाईंनी चांगला जाड कागद दिला, शाईची दौत दिली. नामी दुपारभर बसली.

तिनं काय लिवलं सांगते. सासरचं घर, दारात सासू, तिच्या हातात गाठोडं आन नामीच्या पाठीवर तिचाच दुसरा हात, ढकलनारा. मंग खाडी, बांध, आन आमचं घर. वरच्या अंगाला गौर, गौरीजवळ भिवईवर वन असलेला मानूस आन त्याच्या बाजूला ती. गौरीपासनं एकापुढं एक पाच पुनवेचे चांद, आन पाचव्या चांदाखाली नामी, पोट वर आलेलं, हात पोटावर, तोंड समुद्राकडं. तक्रार न्हाय, रडनं न्हाय. बघनाऱ्याकडं तिनं तोंड केलंच न्हवतं.

मी म्हनलं, बाई, खाली दोन वळी लिवा तुमी. बाईंनी टाक उचलला, शाईत बुडवला, आन परत ठेवला. म्हनाल्या, मी एक जरी अक्षर लिहिलं तरी त्याला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. पाकिटावर तेवढा पत्ता लिवला आन स्वता टपालात टाकून आल्या.

पुढचं हासूनं सांगितलं ते. पाकीट थोरल्यानंच फोडलं. आतला कागद उलटा केला, सुलटा केला, अक्षर सापडंना, हसला, खोलीतल्या लोकांना दाखवला आन हासूच्या अंगावर टाकला, म्हनला घे, तुझ्या मुकीनं रांगोळी धाडलीय. हासू कागद घेऊन खिडकीपाशी गेला. चांद मोजले. परत मोजले. सकाळी कामाच्या पाळीला न जाता सदरा अंगात घालून निघाला, थोरला म्हनला, अरे येड्या, त्यात लिवलंय काय. हासू म्हनला, सगळं लिवलंय.

रेवसची आगबोट धरून आला, तिथनं पायी. नामी अंगनात सूप घेऊन तांदूळ पाखडत व्हती, पाठमोरी, तिला चाहूल लागायची न्हाय. हासूनं तिच्या सुपात तो कागद ठेवला. तिनं आपला कागद वळखला, मंग उलटला. मागच्या अंगाला त्यानं बोटीत बसून कोळशानं लिवलं व्हतं, येडीवाकडी बोट आन त्यात एक मानूस, हातपाय काड्यांचे, पन भिवईवर वन न चुकता लिवलेला. नामीनं वर बघितलंच न्हाय, त्याच्या पायाला घट्ट धरून बसली. आय चुलीपाशी गेली ती भायेर आली न्हाय, मीच पानी दिलं.

हासूनं आपल्या आईला पंचांसमोर येवढंच विचारलं, तू हिच्या पाठीवर हात ठेवला व्हतास का. सासू खोटं बोलली न्हाय, पदर तोंडाला लावला. सोयरीक मोडली. थोरल्याशी हासू पुढं लय वरसं बोलला न्हाय. वैशाख सरता सरता नामीला मुलगी झाली, आवाज मोठा, सगळं ऐकनारी.

बाई आनखी एक वरस व्हत्या, मंग त्यांची बदली झाली. निघताना ती जाड वही घेऊन घरी आल्या. तवर तिच्यात आयचे सगळे धवले, चौक, नामीच्या खुना बी व्हत्या. नामीला खुनेनं विचारलं, तुझं ते पत्र माझ्या वहीत उतरवून घेऊ का. नामीनं मान हलवली, न्हाय. बाईंच्या मनात किती व्हतं ते मला ठाऊक, पन त्यांनी वही मिटली, म्हनाल्या, बरोबर आहे, पत्र ज्याचं त्याचं असतं. आन नामीला मिठी मारली. अशी मानसं मी पुढं पाहिली न्हाय. मला लिवायला वाचायला त्यांनीच शिकवलं, पन त्यापेक्षा मोठं शिकवलं, ते मला नीट सांगता येत न्हाय.

आता बाई कुठं असतील देव जाने. आयबापूस गेले, हासू बी गेला दोन वरसं झाली. नामी हाय, ती बघा, पडवीत बसलीय, तुमी आल्यापासनं तुमच्या हाताकडं बघतेय. मला इचारतेय हा मानूस काय लिवतो. मी सांगितलं, तुझंच लिवतो. आता तुमी कागद उचलाल आन जाल, पन जायच्या आधी तिच्याजवळ बसा, सांगा तिला, मी करते खुना. ती व्हय म्हनली तर न्या सुखानं, तुमच्या हाताला यश येवो. न्हाय म्हनली तर चहा पिऊन जा, रागावू नका.