चार वाजताची चावी

आमी मूळचे पोलादपूरच्या वरचे, डोंगरातल्या वाडीवरचे, आणि बाबांना महाडकडं कंपनीत काम लागलं तवा मी सातेक वर्षांची असेन, तवा आमी बिरवाडीजवळ त्या नव्या वसाहतीत राहायला आलो. तीन रांगा, सगळ्या खोल्या सारख्या, सगळी दारं निळी. सुरुवातीला मी रोज भलत्याच घरात शिरायचे, तिथली बाई म्हणायची अगो तुझं घर पुढं हाय, जेवलीस का पण, आणि पुढ्यात भाकरी ठेवायची. मंग आईनं आमच्या दारावर गेरूचा पंजा उमटवला, तर आठवड्यात सगळ्याच दारांवर पंजे, कारण सगळ्यांचीच पोरं चुकत होती.

सुमन माझं नाव, पण चावीवालीच म्हणतात मला. काय सांगू तुम्हाला, पाणी यायचं चार वाजता, तासभर, आणि एकाच पाइपातून तीन रांगांना. म्हणून प्रत्येक रांगेच्या तोंडाशी खड्ड्यात एकेक वॉल, तो लांब लोखंडी चावीनं फिरवायचा, एका रांगेचा बंद करायचा, दुसरीचा उघडायचा. चावी आधी बाप्या माणसांच्या हातात होती. जो तो आपल्या रांगेला जास्त सोडायचा, मंग शिव्या, मंग हाणामारी, एकदा तर एकाच्या डोक्यात हंडा घातला. तवा कुणीतरी म्हणालं, सुमीला द्या, ती कुणाशी भांडत नाय. नऊ वर्षांची होते मी. पहिल्याच दिवशी आमच्या रांगेची वेळ संपली, आईचा हंडा अर्धाच भरलेला, ती म्हणते थांब गो जरा, आणि मी चावी फिरवली. आई दोन दिवस बोलली नाय माझ्याशी. पण वसाहतीत माझं नाव झालं, आणि मला काय आनंद म्हणून सांगू, अंगात वारंच भरलं माझ्या.

मंग काय, चार वाजता सुमी पायजेच. शाळा पाचला सुटायची, मला साडेतीनला सोडायचे, आमचे गुरुजीच तिसऱ्या रांगेत राहायचे ना, ते स्वतः म्हणायचे ऊठ सुमन, वेळ झाली. पोरं सावित्रीवर पोहायला जायची, जत्रेला जायची, सहल गेली रायगडावर, मी नाय. एकदा ताप आला तर बाबांनी पाठंगुळी घेऊन नेलं खड्ड्यापाशी, गोधडीतून हात काढून फिरवली चावी. तवा वाटायचं, बघा, माझ्यावाचून चालत नाय यांचं. येडी होते मी.

दहावीला बरे मार्क पडले. शाळेतल्या बाईंनी अलिबागला नर्सिंगचा फॉर्म भरला, मला नर्स व्हायचं होतं, पांढरे कपडे, रात्री झोपेत पण तेच. जायच्या आदल्या आठवड्यात तिन्ही रांगांतल्या बाया आल्या, साडी आणली, नारळ आणला, माझी ओटी भरली आणि म्हणाल्या पोरी तू गेलीस तर परत डोकी फुटतील आमच्या नवऱ्यांची. एकीच्या पण तोंडात वाकडा शब्द नाय. मला नको म्हणता आलं नाय. मी लाजून हसले, आणि हसले तेच सगळ्यांनी हो धरलं. बाबा म्हणाले एवढी माणसं माया करतात, आपल्याला अजून काय पायजे.

मंग स्थळ पण वसाहतीतलंच बघितलं. माहेर पहिली रांग, सासर तिसरी. लग्नाच्या दिवशी चार वाजले तर मुंडावळ्या बांधलेल्या, हिरवा चुडा भरलेला, आणि मी खड्ड्याशी उकिडवी बसून वॉल फिरवतेय, वऱ्हाड हसतंय, मी पण हसले. दुसऱ्या पोरी सासरी जाताना रडतात, मी रात्री रडले, कारण मी कुठं गेलेच नव्हते. नवरा चांगला होता हो, त्याला नाय बोल लावत. तीन वर्षं झाली तो गेला त्याला.

आता गुडघे गेलेत, बसवत नाय. परवा सगळे जमले आमच्या दारात. म्हणाले काकी, तुमच्या स्वराला द्या चावी. स्वरा माझी नात, मुलगा मुंबईला, सून आणि ही इथं माझ्यापाशी. नऊ वर्षांची हाय. म्हणाले अगदी तुमच्यावर गेलीय, शांत, कुणाशी भांडत नाय. पोरीचं तोंड असं फुललं, तसंच, माझं फुललं होतं तसंच, आणि तिनं चावीला हात घातला. मी फाडकन त्या हातावर मारलं. कवा बोट लावलं नव्हतं हो तिला. पोर रडत आत गेली, आणि मी खड्ड्यापाशी जाऊन भिंतीला धरून खाली बसले आणि वॉल फिरवला, कारण पाणी आलं होतं, करणार काय.

तिन्हीसांजेला ती आली, डोळे लाल, कमरेवर हात. म्हणते आजी, तू वाईट हायस, तुला काय वाटतं मी घाबरते तुला, मी तुझ्याशी बोलणार नाय. सून धावली तिच्यावर, अगं आजीला उलट बोलतेस. मी म्हटलं बोलू दे गो, बोलू दे तिला. मला कसं थंड वाटलं ते. देवा, हिला अशीच भांडखोर ठेव, हिच्या तोंडातनं ‘नाय’ हा शब्द पटकन निघू दे.

अजून बोलत नाय ती माझ्याशी, आज तिसरा दिवस. असू दे. तुमी बसा, चहा झालाय, घेऊनच जा. मी उठते, चार वाजायला आले.