थंब उठंना

माझं माहेर मेढ्याच्या वरल्या अंगाला, डोंगरात. शाळा खाली आन मी गुरांमागं, मग कशाची पाटी आन कशाची पेन्सील. लगीन होऊन कडेगावात आले तवा तुझा आजा फौजेत हुता. त्याच्या पयल्या सुट्टीत मी सोसायटीच्या कागदावर अंगठा उठवला, तर घरी येऊन त्यानं शाईचा अंगठा राखंनं घासला आन म्हनला, ह्यो परत कागदाला लावायचा न्हाई, सही शिकायची. चुलीम्होरं राखंत गिरवून शिकले बघ. बाकीच्या बायका अंगठा लावायच्या आन मी पेन मागायचे, लय बरं वाटायचं.

तो गेला, पेन्शन माझ्या नावावर झाली. वर्षाला एकदा बँकेत जाऊन जित्ती हाय म्हणून सही करायची, झालं. मग ते मशीन आलं. तिथलं पोरगं म्हनलं, आजी, सही नको, थंब द्या. थंब म्हंजे अंगठा. तुझ्या आजानं राखंनं घासला हुता त्योच. ठेवला अंगठा, उठंना. पुसून ठेवला, तरी उठंना. जलम हळदीत गेला माझा, ओल्या कंदाची हळकुंडं मोडायची ती अंगठ्यानंच, रेषा कुठनं ऱ्हाणार? पोरगं म्हनलं, आजी, मशीन म्हनतंय तुम्ही नाहीच. रांगेतली माणसं हसली. मी बी हसले, पर मनात आलं, पेन्शन तुटली तर? तिच्यावर माझी वेगळी चूल हाय, तुझ्या बापाच्या दारात हात पसरत न्हाई मी.

पोरगं म्हनलं, महिन्याभरानं परत या. मग तवर अंगठ्याला कामच दिलं न्हाई. साय चोळायची, फडकं बांधायचं, भाकरी बी चार बोटांनी थापायची. शेजारची तारूबाई म्हणायची, आवं काकी, नवरीगत जपताय बोटाला, हळद तेवढी लावायची ऱ्हायली. म्हनलं, हळदीचं नाव काढू नगंस.

तवाच तू कॉलेजातनं आलीस. म्हनलीस, आजी, थंब लय जुना शब्द हाय, त्याच्या मुळाशी फुगणं हाय, म्हंजे जाड, फुगीर बोट. पुस्तकाची पानं चाळायला बी इंग्रजीत थंबच म्हणत्यात. मी माझा अंगठा बघितला. वाळल्या हळकुंडागत. म्हनलं, तुझा पानं चाळून शाबूत ऱ्हाईल बाय, माझा हळदीनं खाल्ला. तू हसलीस. मी मातूर रोज दाबून बघायचे, फुगला का, फुगला का.

दुसऱ्या खेपंला घेतला मशीननं. लगीच न्हाई, लय वेळ फिरत बसलं, तवर माझा श्वास वर तो वरच. हिरवा दिवा लागला तवा पोरगं म्हनलं, आहात आजी तुम्ही.

आता परत बँकेत जायचं दिवस जवळ आल्यात. काल रानात तण भांगलायला बोलावलं हुतं, गेले न्हाई. ह्ये बघ, फडकं बांधलंय. रातीला डोळा लागत न्हाई गं, औंदा न्हाई घेतला तर काय करू? सही रोज एकदा गिरवती, कुणी इचारत न्हाई तरी.

तू लिहितीस नव्हं ह्ये? लिही बाय. तुझी बोटं सुखात ऱ्हाऊ देत. आन खाली माझं नाव घालशील तवा पेन माझ्याकडं दे.