फ्लेक्सवरचा पिवळा शर्ट

जबाब

नाव: वरच्या रकान्यात लिहिले आहे, पण त्या नावाने मला बँकेशिवाय कोणी ओळखत नाही, सगळे टेलरकाकू म्हणतात. वय: चोपन्न वर्षे. धंदा: शिवणकाम, मुख्यतः शाळेचे गणवेश. राहणार: पोहण्याच्या तलावामागची वसाहत, तळमजला, दारातच शिलाई मशीन असलेले घर.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायाने येऊन समक्ष सांगते की, मला कोणी पकडून आणलेले नाही. आमदारांच्या प्रचार कार्यालयाच्या प्रमुखाने माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. मी काल संध्याकाळी मोठ्या चौकातला त्यांचा फ्लेक्स कापला आणि तो विरोधातल्या उमेदवार वकीलबाईंच्या चिथावणीवरून कापला, असे त्यांचे म्हणणे आहे. यातले पहिले खरे आहे. दुसरे धादांत खोटे आहे. त्या बाईंच्या सांगण्यावरून मी फ्लेक्स तर सोडाच, साधा दोरासुद्धा तोडणार नाही. का, ते सांगते. हवालदार म्हणतात, थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगून कोणी ऐकले असते तर कात्री हातात घ्यायची वेळच आली नसती.

माझे पती लवकर वारले. मुलगा एकच. तो नगरपालिकेच्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायचा. पोरे त्याला बेडूकसर म्हणत आणि त्यालाही ते आवडायचे. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो तलावावरून पायी घरी येत असताना एका डंपरने त्याला मागून धडक दिली. तो जागीच गेला. वय तेवीस. अंगात मी शिवलेला गडद निळा शर्ट होता. मी त्या वेळी भाजी चिरत होते.

डंपरच्या ड्रायव्हरवर खटला चालला. त्याच्या बाजूने याच वकीलबाई उभ्या होत्या. कपडे ओळखण्यासाठी मला साक्षीला बोलावले होते. शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत होता. मी कॉलरची शिलाई पाहून ओळखला. मग वकीलबाई उठल्या. त्यांनी विचारले आणि मी सांगितले ते असे.

"शर्ट कोणी शिवला?"

"मी."

"रंग कोणी निवडला?"

"मीच."

"कोणता रंग आहे?"

"गडद निळा. दिसतोय की तुम्हाला."

"मला दिसतोय, कारण इथं उजेड आहे. त्या संध्याकाळी रस्त्यावरचा दिवा बंद होता. तशा अंधारात हा रंग ड्रायव्हरला दिसला असता का?"

साक्षीदाराने उत्तर दिले नाही, असे लिहून घेतले गेले. ड्रायव्हर सुटला. म्हणजे माझा मुलगा डंपरखाली आला तो मी निवडलेल्या कापडामुळे, असा त्या निकालाचा अर्थ मला लागला. दुसरा कोणता लागत असेल तर मला कोणी समजावून सांगितलेला नाही. त्या दिव्याखालीच ज्याचे दुकान आहे, तो सायकल दुरुस्तीवाला आजही म्हणतो की दिवा चालू होता. त्याला साक्षीला कोणी बोलावले नाही. त्यानंतर मी गडद निळ्या कापडाला हात लावलेला नाही. एका शाळेचे वर्षाचे काम त्यापायी सोडले.

आता या वकीलबाई विधानसभेला उभ्या आहेत. त्यांच्या पत्रकावर 'गोरगरिबांचा आवाज' असे छापले आहे. ते पत्रक माझ्याही दारात पडले होते. कागद जाड आहे, मी त्याचा खिशाचा साचा कापला. त्या आमच्या वसाहतीत मते मागायला आल्या तेव्हा घरोघर हात जोडत गेल्या, माझ्या दारावरून मात्र मान खाली घालून पुढे सरकल्या. तेवढी लाज त्यांनी राखली, हे सांगायला माझी हरकत नाही.

आमदारांच्या माणसांनी तेवढीही राखली नाही. माझे धाकटे दीर मध्यंतरी घरी आले होते. मी नवीन मशीन घेतले त्या दिवशी मुलाने एक फोटो काढून घेतला होता. त्यात तो आणि मी मशीनपुढे उभे आहोत, माझा हात त्याच्या खांद्यावर आहे. आम्हा दोघांचा तेवढा एकच फोटो आहे. दीर म्हणाले, "वहिनी, फोटो पिवळा पडत चाललाय. मोठा करून काचेत बसवून आणतो." मला बरे वाटले. म्हटले, घरात कोणाला तरी त्याची आठवण आहे. मी फोटो पुसून त्यांच्या हातात दिला. आमच्या भागाचा प्रचार त्यांच्याकडे सोपवला आहे, हे त्यांनी मला सांगितले नव्हते.

काल दुपारी मी गुंड्या आणायला मोठ्या चौकात गेले. तिथे दोन खांबांना फ्लेक्स बांधला होता. एका बाजूला आमदार हात जोडून उभे होते. दुसऱ्या बाजूला माझा मुलगा, दोन पुरुष उंच. खाली लिहिले होते, 'या लेकराचा जीव घेणाऱ्याला सोडवणारी बाई तुम्हाला आमदार म्हणून हवी?' फोटोतून मला कापून टाकले होते. पण माझी बोटे त्याच्या खांद्यावरून काढता आली नसावीत, ती तशीच राहिली होती. कोणाची तरी चार बोटे, मागे माणूस नाही. आणि शर्ट पिवळा होता. आमदारांच्या पक्षाचा झेंडा पिवळा आहे.

मी तशीच त्यांच्या प्रचार कार्यालयात गेले. कार्यालयप्रमुख खुर्चीतून उठून पुढे आले.

"या या काकू, बसा. चहा सांगू? आपलं घरचंच कार्य आहे हे."

"माझ्या मुलाचा फोटो कोणाला विचारून लावलात?"

"तुमच्या दिरांनीच दिला की. तुमच्यासाठीच तर लढतोय आम्ही."

"चार वर्षांत एकदा तरी माझ्या दारात आलात?"

"आता आलोच ना, काकू. त्या बाईचं पितळ उघडं नको पाडायला?"

मी विचारले, शर्टाचा रंग का बदललात. त्यावर ते अगदी मोकळेपणाने म्हणाले, "निळ्यात पोरगा दिसतच नव्हता हो. पिवळा कसा लांबून उठून दिसतो!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोर्टात त्या बाईंनी काळा कोट घालून जे म्हटले, तेच हा माणूस चहाचा कप हातात घेऊन म्हणत होता. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही मंडळी माझ्या मुलाच्या शर्टाबाबत मात्र एका सुरात बोलतात. मी शांतपणे सांगितले, की फ्लेक्स आजच्या आज उतरवा. ते म्हणाले, "गावभर लागलेत काकू, आता कसे उतरवायचे? मतदान होऊ द्या. मग सगळे तुम्हालाच आणून देतो. ताडपत्री म्हणून छान उपयोगी पडतात."

हे त्यांनी कुत्सितपणे म्हटले नाही. त्यांना खरेच वाटत होते की ते माझ्यावर उपकार करत आहेत. त्याचाच मला जास्त संताप आला. हे शब्द जसेच्या तसे लिहावेत, अशी माझी विनंती आहे.

मी घरी जाऊन कापड कापायची मोठी कात्री घेतली आणि सात वाजण्याच्या सुमारास परत चौकात आले. रंगाच्या दुकानातून शिडी मागितली. दुकानदाराने विचारले, कशाला. मी सांगितले. त्याने शिडी आणून लावली आणि खाली धरून उभा राहिला. शिडी धरणे हा गुन्हा असेल तर तोही माझ्याच नावावर लिहावा, त्याला यात गोवू नये.

मी फक्त माझा मुलगा कापून घेतला. आमदारांना कात्री लागलेली नाही, त्यांची मिशीसुद्धा जागेवर आहे, हे पंचनाम्यात दिसेलच. कानाजवळचे वळण नाजूक होते, तिथे मी घाई केली नाही. बोटेही त्याच्याबरोबर घेतली. चौकात बरीच माणसे जमली होती. अडवायला कोणी आले नाही, फोटो काढायला मात्र सगळ्यांचे मोबाईल वर होते.

तेवढ्यात दीर मोटारसायकलवरून आले आणि खालून ओरडू लागले, "वहिनी, उतरा खाली! चारचौघांत माझी अब्रू घालवताय!"

मी म्हटले, "भाऊजी, पायाकडचं टोक धरा. फाटेल."

त्यांनी मुकाट्याने धरले. गुंडाळी करून घरापर्यंत त्यांनीच आणून दिली आणि उंबऱ्याबाहेरून परत गेले.

आज सकाळी मी ठाण्यात आले आणि बाकावर बसले होते. थोड्या वेळाने वकीलबाई आल्या. त्यांच्यामागे दोन फोटोवाले होते, त्यांना त्यांनी फाटकाशी थांबवले. त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"मावशी, मी तुमच्या बाजूनं उभी राहते. फी नको मला."

"फी घेऊन उभ्या होतात, तेव्हा मी मावशी नव्हते."

"ते माझं काम होतं. ड्रायव्हरलाही वकील लागतोच, मावशी."

"लागतो. त्याबद्दल माझं म्हणणं नाही. दिवा बंद होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. उत्तर न देणाऱ्या साक्षीदाराचे काय करतात, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "मागचं राहू द्या. आता तुमच्यावर केस आहे, तुमचं बघू. जबाबात एवढंच म्हणा, अंधार पडला होता, चौकातला दिवा बंद होता. फ्लेक्स सुटून रस्त्यावर लोंबत होता, कोणाला लागू नये म्हणून कापला. त्यावर काय होतं ते दिसलं नाही. बस्स. कोर्टात टिकतं हे."

टिकते, हे मला माहीत आहे. माझ्या डोळ्यांदेखत टिकले होते.

मी त्यांना विचारले, बाहेरचे फोटोवाले कोणासाठी आणलेत. त्या म्हणाल्या, ते आपणहून आले. मी म्हटले, "एकानं माझ्या मुलाला खांबावर टांगलं, आता तुम्हाला मी हवी आहे. मी मिळणार नाही. उठा." त्या उठल्या. जाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते असे हवालदारांचे म्हणणे आहे. मी पाहिले नाही आणि मला ते जबाबात नको आहे, पण हवालदारांनी लिहिले आहे तर राहू दे.

माझ्या मागण्या अशा. गावात माझ्या मुलाचे जेवढे फ्लेक्स उरले आहेत ते पोलिसांनी आज उतरवावेत. उतरवले नाहीत तर मी कापत सुटेन, आणि दर वेळी इथे येऊन सांगेन. मूळ फोटो मला परत मिळावा, त्यात मीही असावे. जप्त केलेली कात्री लवकर द्यावी, शाळा उघडायला आली आहे आणि पोरांचे गणवेश अडले आहेत. कापलेला तुकडा मुद्देमाल म्हणून जमा करा असे मला सांगण्यात आले. तो माझ्या घरी पलंगावर आहे. रॉकेल लावून वरचा पिवळा रंग जातो का ते मी रात्री पाहिले. जात नाही. तुकडा मी देणार नाही. माझा मुलगा एकदा पोलिसांच्या पिशवीतून कोर्टात जाऊन आला आहे, तेवढे पुरे. त्याबद्दल वेगळी शिक्षा असेल तर ती भोगीन.

मी कोणाला मत देणार, हे हवालदारांनी गप्पांच्या ओघात विचारले. तो या जबाबाचा विषय नाही.

वरील जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात जिथे जिथे 'मयत' लिहिले होते तिथे मी 'मुलगा' करून घेतले आहे. शेवटचे वाक्य हवालदार लिहायला तयार नव्हते. म्हणाले, "काकू, हे तुमच्याच अंगाशी येईल, सोडून द्या." मी ते त्यांच्याकडून लिहून घेतले, पुन्हा वाचायला लावले, आणि ते मी सांगितले तसेच उतरले आहे याची खात्री करून खाली सही करत आहे. ते वाक्य असे: मी फ्लेक्स कापला तेव्हा चौकातला दिवा चालू होता आणि मला सगळे स्पष्ट दिसत होते.