घरमालकाचं सॉरी

मला एकदा घरमालक सॉरी म्हणालाय, खोटं नाही सांगत. परदेशात, क्लोनडॉकिनला भाड्याने राहत होतो तेव्हा. त्याचं नाक भारी तिखट, घरात कसलाही वास आला की माझ्याकडे बघून विचारायचा, "करी?"

माझी हाउसमेट एल्सा स्वीडनमधल्या प्रोफेशनल आइस हॉकी टीमची गोलकीपर. सीझन संपला की नोकरीसाठी तिथे यायची, पण सराव चालूच असायचा.

एक दिवस घरमालक हॉट प्रेससमोर, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटासमोर, नाक दाबून उभा. "पुन्हा करी! आता घर सोड."

एल्साने कपाट उघडलं आणि वाळत घातलेले घामट ग्लोव्ह्ज त्याच्या नाकाशी धरले. "करी नाही, हॉकी!"

बिचारा ओशाळून मला सॉरी म्हणाला.

मीही मोठ्या मनाने तिथल्या लोकांसारखं म्हटलं, "इट्स ग्रँड," म्हणजे असू दे. पण आधी कपाटाचं दार लावून घेतलं. आत सादळू नयेत म्हणून ठेवलेले आईचे सुके बोंबील होते.