लाइनमधला बिघाड

— नाही, नाही, बाबुराव, त्या बटणाला हात लावू नका. आधी माझं नीट ऐकून घ्या. तांब्याची जुनी तार काढून काचेची नवी, ती फायबरची, घालायला तुम्ही आला आहात, हे मला समजलं. तुमच्या कंपनीचं पत्र मी दोनदा वाचलं — 'ग्राहकांची गैरसोय होऊ नये म्हणून' अशी सुरुवात करून पुढे पानभर गैरसोयच सांगितली आहे, पण ते असो. तार बदला. भिंतीला भोक पाडायचं तर पाडा. खोताच्या वाडीतलं घर आहे, भिंत लाकडाची आहे, तेव्हा जरा हलक्या हाताने पाडा. यंत्र मात्र बंद करायचं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही. का म्हणजे? या खोलीचा तसा नियम आहे. बसा ना, उभे का? — खुर्चीवर नको, ती राहू द्या. त्या स्टुलावर बसा. आणि या फुगिया घ्या, तळलेले गोडसर गोळे, समोरच्या फिलोमिनाबाईंनी आत्ताच आणून दिल्या आहेत, गरम आहेत. नाताळ नाही, लग्न नाही, तरी त्या आठवड्यातून एकदा फुगिया तळतात आणि मला आणून देतात — त्यांची समजूत अशी की मी जेवत नाही. जेवते मी. दोन्ही वेळा जेवते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आलं असणार, की ही पंचाहत्तरीला आलेली बाई माडीवरच्या खोलीत या दोन यंत्रांपाशी बसून करते काय? राखण करते. माझा मुलगा गुरुदत्त इथून लोकांच्या वेबसाइट चालवत असे. मोठ्या कंपन्यांची यंत्रं म्हणे गार हवेच्या इमारतींमधून असतात, पहारे काय, कुलपं काय — आणि याची ही आठ बाय दहाची खोली, वर कौलं, खाली लाकडी तक्तपोशी, आणि घरात येते तीच तुमची ब्रॉडबँडची तार. कुणी लंडनमध्ये बसून पान उघडलं, तरी ते पान इथून, या खिडकीतून, फिलोमिनाबाईंच्या कपड्यांच्या दोरीवरून जायचं! मला हे पटत नसे. बत्तीस वर्षं मी ग्रंथपाल होते, दादरला. वाचक पुस्तकाकडे येतो, हे मला ठाऊक. पुस्तकाने अष्टौप्रहर दारात उभं राहून वाचकाची वाट पाहायची, ही कुठली रीत? मी तसं त्याला म्हणाले. तो हसला. म्हणाला, "आई, तुझं ग्रंथालय साडेसातला बंद होतं, माझं होत नाही — एवढाच फरक."

एवढाच फरक. हं.

गिऱ्हाइकं कोण, म्हणता? एकतीस होती. परळची एक रक्त तपासण्याची प्रयोगशाळा, लालबागची एक खानावळ, चिंचपोकळीचे ते पितळी समया घडवणारे, भोईवाड्याचं भजनी मंडळ — त्या मंडळाच्या रमाबाई, त्यांचा हट्ट असा की पान उघडताक्षणी टाळ वाजले पाहिजेत. वाजवले त्याने. चार दिवसांनी त्यांच्याच सुनेचा फोन — कचेरीत साहेबांसमोर पान उघडलं आणि टाळ वाजायला लागले, ते थांबवता थांबेनात! गुरुदत्त दिवसभर हसत होता. आता सहाच जण उरले आहेत. बाकीचे गेले, मी त्यांना दोष देत नाही, मृत माणसाच्या दुकानात कोण थांबेल? पण सहांचं काम चोख चालतं. मी शिकले. वहीत लिहून काढून शिकले. ही पाहा — आधी एक बॅटरी होती, आता तीन आहेत. गेली दोन वर्षं चार महिने हे यंत्र एक क्षणही थांबलेलं नाही. मागच्या पावसाळ्यात अख्ख्या वाडीची वीज सहा तास गेली होती, तेव्हाही नाही.

असं काय पाहता त्या खुर्चीकडे?

हो. त्याच खुर्चीत.

सगळ्यांना ठाऊक आहे ते. सांगायला हरकत नाही. हृदयाचा झटका आला होता, सौम्य होता. परळच्या रुग्णालयात ठेवला होता. तिसरा दिवस होता. डॉक्टर म्हणाले, पलंगावरून उठायचं नाही. आणि नेमकी इथली लाइन गेली. कुठेतरी दुसरीकडे त्याच्या मित्राचं एक यंत्र होतं, ते दर मिनिटाला याला हाक मारायचं — आहेस का? आहेस का? उत्तर आलं नाही की त्याच्या फोनवर घंटा. तशी घंटा वाजली. आणि हा उठला, चपला घातल्या, कुणाला न सांगता टॅक्सीत बसला, इथे आला, जिना चढला, यंत्र चालू केलं आणि — त्या खुर्चीत. हट्टी होता. लहानपणापासून हट्टी. त्याची बायको, नम्रता, ती तर त्या वेळी औषधं आणायला खाली गेली होती. वर येते तो पलंग रिकामा. झालं ते झालं. लाइन गेली म्हणून झालं. आता तुम्ही तुमचं काम करा, मी आपली इथे —

काय म्हणालात?

ओळखलं ना. ओळखणार नाही कशी? दार उघडलं तेव्हाच ओळखलं. उगाच का मी एवढी बोलत सुटले आहे? एरवी माझ्या तोंडून चार वाक्यं निघत नाहीत, फिलोमिनाबाईंना विचारा. त्या दिवशी वाडीच्या तोंडाशी ती तारांची पेटी उघडून तुम्ही बसला होतात, निळी छत्री बांधून. मी रुग्णालयात निघाले होते, हातात डबा होता, तुम्ही मला म्हणालात, "मावशी, सांभाळून, वायर आडवी आहे." मग नम्रताने कंपनीकडे तक्रार केली. गुरुदत्तने लिहिलेली सूचना सोबत जोडली — यंत्र चालू केल्यावर त्याने गिऱ्हाइकांसाठी दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याच्या हातच्या शेवटच्या: 'सकाळी ११.४६ ते दुपारी १२.३१ सेवा बंद होती. कारण — लाइनमधला बिघाड. क्षमस्व.' आणि पेटी उघडून बसलेला माणूस तर सगळ्या वाडीने पाहिला होता. तुम्ही सांगत राहिलात की माझी लाइन चालू होती, मी या घराच्या जोडाला हातही लावला नव्हता. कुणी ऐकलं नाही. तुम्हाला लाइनवरून काढून भांडुपच्या गोदामात बसवलं — हे मला नम्रतानेच सांगितलं. समाधानाने सांगितलं. हो, समाधानच ते. खोटं कशाला बोलू?

म्हणजे आज इथलं काम तुम्ही मुद्दाम मागून घेतलंत? कशासाठी?

अहो — अहो, हे काय करता? उठा. पाया कसले पडता? बाबुराव, उठा म्हणते ना! हात काढा. क्षमा कसली मागता? पुन्हा बोलू नका तसं. "कदाचित माझ्याच हातून तार हलली असेल" — तुम्हाला स्वतःलाही आता असं वाटायला लागलं? दोन वर्षं एका माणसाला सगळे सांगत राहिले, की त्याचं त्यालाही खरं वाटायला लागतं? देवा! बसा. स्टुलावर नको, इथे बसा, माझ्यासमोर. पाणी प्या.

तुमची तार हलली नव्हती.

तुम्हाला या वाडीची चाल ठाऊक नसेल. इथली घरं लाकडाची. दीडशे वर्षांचं सागवान, वाळून कापूर झालेलं. घरातलं शेवटचं माणूस बाहेर पडताना मेन स्विच खाली ओढतं. इथली लहान मुलंसुद्धा ओढतात. आणि माझी तर बत्तीस वर्षं ग्रंथालयात गेली — साठ हजार पुस्तकं आणि जुन्या वायरी; रोज संध्याकाळी कुलपाआधी मेन स्विच. झोपेतसुद्धा तो खटका माझ्या हातून बरोबर पडेल. या घरात मात्र गेली नऊ वर्षं तो कधी ओढावा लागला नव्हता, कारण गुरुदत्त घरात असायचाच. तो आजारी पडल्यावर पहिले दोन दिवस नम्रता तिथे होती आणि मी इथे. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन निघाले. घरात कुणीच नाही, असं नऊ वर्षांत पहिल्यांदाच झालं. मी गॅस पाहिला, खिडक्या लावल्या, देवाचा दिवा शांत केला, आणि — हा हात पाहा. हा. याने ओढला. अकरा वाजून चार मिनिटांनी. मी कुलूप लावलं आणि मला वाटलं, सगळं नीटनेटकं करून निघाले.

ही बॅटरी बेचाळीस मिनिटं पुरली. मी तेव्हा बसमध्ये होते.

तो टॅक्सीने इकडे आला, मी बसने तिकडे पोचले. वाटेत कुठेतरी, भायखळ्याच्या आसपास, आम्ही एकमेकांना ओलांडलं असणार. मी गेले तर उशीवर डोक्याचा खड्डा तसाच होता, ऊब मात्र गेली होती. नर्स म्हणाली, तपासणीला नेलं असेल. नम्रता सगळ्या मजल्यांवर शोधत होती आणि मी पलंगाशेजारी बसून राहिले, डबा मांडीवर घेऊन — वरणभात होता, मऊ केलेला. आणि तो इथे मेन स्विचपाशी उभा होता. खाली ओढलेला स्विच. त्याला क्षणात कळलं असणार. या घरात तो खटका कोण पाडतं, हे त्याला नाही तर कुणाला कळणार? तरी त्याने लिहिलं — लाइनमधला बिघाड. आईने बंद केलं, असं लिहिलं नाही. जिना चढून आला होता, छातीत कळा येत असतील, दोन ओळी लिहिण्याइतकं त्राण उरलं होतं, ते त्याने मला झाकण्यात घालवलं. त्याच्या मनात तुमचं नाव नव्हतं, बाबुराव. लाइन म्हणजे त्याच्या लेखी कुणीच नव्हतं. ते कुणीतरी मीच तुम्हाला केलं — गप्प राहून. चौकशीला तुमचे साहेब आले, याच दारात उभे राहिले. मी त्यांना म्हणाले, मला यंत्रातलं काही कळत नाही.

कळत होतं. या यंत्रात नोंद आहे. 'वीज बंद — ११.०४. बॅटरी संपली — ११.४६.' तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती शोधून वाचली. पुसता आली असती. नोंद पुसायची माझी जात नाही. पण ती कुणाला दाखवायचंही धैर्य नाही. मग उरलं काय? राखण.

आता खरं कारण ऐका. वेडी म्हणा हवं तर. हे यंत्र बंद पडलं की तो उठतो. माझी खात्री आहे. जिथे असेल तिथून उठतो, मनगटाला रुग्णालयाची ती पट्टी, सदरा उलटा घातलेला — घाईत उलटाच घातला होता त्याने, फिलोमिनाबाईंनी पाहिला — आणि निघतो. रोज दुपारी पावणेबारा झाले की मी यंत्राचा आवाज ऐकत बसते. पंख्याची घरघर जरा बदलली की माझा जीव जातो. कारण घरघर थांबली की जिन्यावर पाऊल वाजणार. त्याला पुन्हा तेवढ्या पायऱ्या चढाव्या लागणार, पुन्हा स्विचपाशी यावं लागणार, पुन्हा माझ्यासाठी खोटं लिहावं लागणार. दोन वर्षं मी हे चालू ठेवते आहे, ते त्या सहा गिऱ्हाइकांसाठी नाही हो. त्याला पडून राहता यावं म्हणून.

शिव्या दिल्यात तरी चालेल. मी अडवणार नाही.

काय? — नम्रताला फोन करता? दोन्ही वर्षं, त्या तारखेला? आणि ती उचलत नाही. कशी उचलेल? तिच्या लेखी तुम्ही — नको, तुमचा फोन नको. तुमचं नाव पाहिलं की ती कापणार. माझा द्या. त्या वहीखाली आहे. हल्ली ती दादरला माहेरी असते. रविवारी येते, माझी औषधं लावून देते, माझ्या पायांना तेल लावते. तुमच्यावरचा राग आणि माझी सेवा, या दोनच गोष्टींवर ती उभी आहे, आणि मी दोन्ही काढून घ्यायला निघाले आहे. चष्मा कुठे गेला? हां. वाजतोय.

तुम्ही असे बसून का राहिलात? उठा, तार बदला. हो, बंद करा यंत्र. मी सांगते आहे ना, बंद करा! आला तर येऊ दे. या वेळी मी घरी आहे.

— नम्रता? मीच बोलते आहे. नाही, तब्येत बरी आहे. नाही, पडले नाही. तू खाली बस आधी. आणि माझं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नकोस.