तारीख संपलेली नळी

बेळगावात गॅस एजन्सीच्या रांगेत माझ्यापुढं येळ्ळूरचं एक वयस्क जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या हातात शेगडीची जुनी, चिरलेली नळी.

"नळीवरची तारीख वाचा बघू."

"चष्मा घरात ऱ्हायला."

"मी वाचलीया. संपून दोन वर्सं झाली. उद्यमबागेत तीस वर्सं फौंड्री सांभाळलासा, आणि घरची नळी बघाय सवड न्हाई."

"आता बदलतोय न्हवं?"

"काल माहेरासनं येऊन दारात पाय ठेवला, तर घरभर गॅसचा वास. आणि तुम्ही उदबत्तीला काडी वडाय निघालासा!"

"वडली न्हाई न्हवं?"

"मी हात धरला म्हणून! रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, तरी तुमचं आपलं 'काय झालं गं?' एवढा वास तुम्हास्नी आला कसा न्हाई?"

"खरं सांगू? लॉकडाऊनातल्या त्या तापापासनं मला वासच येत न्हाई."

"आणि इतकी वर्सं बोललासा न्हाई?"

"तू घाबरतीस म्हणून."

"मग गॅस सुटला की ओरडतंय ते यंत्र बी घिऊया आज. आणि रोज फोडणीला 'काय झ्याक वास सुटलाय' म्हणतासा, ते?"

"चर्र आवाज झाला की म्हणतो."

"आणि गेल्या म्हैन्यात लग्नात माझ्या गजऱ्याचा वास घेटलासा, ते?"

"गजरा दिसतोय की गं."

"आबोलीचा होता. आबोलीला वास असतोय व्हय?"

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"लाजले की ओ."