सात म्हणजे सात

…आणि वर लोक मलाच विचारतात, "तू त्या कॉलेजात कुठल्या साली होतास रं?" आता तुम्हाला सांगतो, मी नववीत शाळा सोडली. कॉलेज मी बाहेरूनच पाहिलंय, पण रोज पाहिलंय, कारण आमचं घर कॉलेजच्या मैदानाच्या भिंतीला चिकटून. मग मी बोलायचं नाही? देवाचं नाव काय फक्त पुजाऱ्यानेच घ्यायचं? आमच्या टेकडी कॉलेजने अखिल भारतीय महाविद्यालयीन फुटबॉल चषक सात वेळा जिंकलाय. भिंतीवर सालं रंगवलीत, जर्सीवर सात तारे आहेत, आणि सात म्हणजे सात.

संबंध काय म्हणता? अहो, त्या टीमचे बॉल आमच्या पत्र्यावर पडलेत. माझी आई, पारूबाई, अंगणात पापड वाळत घालायची, आणि कॉर्नर किक नेमकी तिथे यायची. आई बॉल पदराखाली घेऊन बसायची. मग कॅप्टन भिंतीवरून डोकं काढायचा, "काकू, चुकलं," आणि आई म्हणायची, "चुकलं तर चुकलं, जिंकणार आहेस का ते सांग." दोन विजेतेपदं आमच्या पापडांवरून गेलीत. शिकायला कोणीही जातं हो. पापड कोणाचे मोडले?

आता मी तसा बोलणारा माणूस नाही. इथे कतारला, दोह्यात एसी दुरुस्त करतो. कोणाच्या घरी गेलो की एसीशी बोलतो, घरवाल्यांशी नाही. यल्ला म्हणाले की जातो, खलास म्हणाले की परत येतो. आमच्या खोलीतले निवृत्तीकाका, शाळेची बस चालवतात, ते म्हणायचे, "बाबू, तुझं लग्न व्हायचं तर मुलगीच दुरुस्तीला यायला पाहिजे." पण त्यांनीच स्थळ आणलं. मुलगी रुचा, मुशैरिबातल्या हॉटेलात रिसेप्शनला, राहते मामा-मामींकडे, उम्म सलाल मोहम्मदला. आमच्या कोल्हापूरचीच. झालं, आम्ही खूश. त्यांनी माझी जात विचारली, गोत्र विचारलं, पगार विचारला, रक्तगट विचारला, मामींनी तर मी रात्री घोरतो का हेही विचारून घेतलं… आणि दोन्हीकडच्या एकाही शहाण्याने कॉलेज विचारलं नाही.

आता बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडे ही दोन कॉलेजं. नावं त्यांची लांबलचक, देणगी देणाऱ्याच्या आजोबांपासून सुरू होतात, ती कोणी घेत नाही. एक टेकडीवरचं म्हणून टेकडी, एक घाटाजवळचं म्हणून घाट. दोघांचा सामना असला की सख्खे भाऊ वेगवेगळ्या दारांनी घरात येतात. आणि मुलीचा शहाजीमामा, क्रेन चालवणाऱ्यांचा फोरमन, आवाज असा की वॉकीटॉकी लागत नाही… तो घाटचा. पोटातून घाटचा.

मला काय माहीत? शुक्रवारची सुट्टी, निवृत्तीकाका माझ्या बाजूचे वडीलधारे म्हणून टोपी घालून तयार, मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. आणि आत टेकडीची जर्सी. आत हो, दिसत नाही. मोठा सामना असला की आम्ही जर्सी घालतोच, आणि आयुष्यात यापेक्षा मोठा सामना कुठला असणार? रुचाने पोहे आणले. मी बशीकडे बघितलं, बशीने माझ्याकडे बघितलं. मामा म्हणाले, "पाव्हणं, काय बोला की." मी म्हणालो, "पोहे गरम आहेत." निवृत्तीकाकांनी डोळे मिटले.

आणि एवढ्यात एसी बंद.

बाहेर जूनची दुपार. इथला जून म्हणजे चिमणीसुद्धा सावली बघून उडते. खोलीत पाच माणसं, पोह्यांची वाफ, सगळे एसीकडे बघतात, मग सगळे वळून माझ्याकडे बघतात. बबीतामामी म्हणाल्या, "जावईबापू बघतील ना." अजून काही ठरलं नव्हतं, तरी जावईबापू! अहो, माझ्या अंगात बळ आलं. खाली गाडीतून हत्यारांची पिशवी आणली, स्टुलावर चढलो, विंडो एसीची जाळी काढली, आत सगळी धूळ आणि काजळी, आणि मनात आलं, नवा शर्ट खराब होईल. म्हणून तो काढून नीट घडी घालून निवृत्तीकाकांच्या हातात दिला…

मागे मामींचा पदराचा वारा थांबला. मला वाटलं, हात दुखला.

"ह्ये काय?" मामांचा आवाज. "पाठीवर ह्ये काय हाय?"

"तारे," मी म्हणालो.

"किती?"

आता मी मान वळवली असती, मामांचं तोंड बघितलं असतं, तर कदाचित… पण माझं डोकं एसीत होतं. "सात," म्हणालो मी.

"चार," मामा म्हणाले. "तुमचे चारच. बाकीचे तीन तुम्ही रात्रीत रंगवल्यात."

तुम्हाला सांगतो, रक्त चढलं. मी स्टुलावर, हातात पान्हा, आणि तोंड… हे तोंड आजवर कुठे होतं मला माहीत नाही. मी म्हणालो, "कुठले तीन?"

"मिरजेचं साल घे. हैदराबादची टीम फायनलला यायची होती, त्यांची गाडी मिरजेत अडकली. समोर कोणच न्हाई. तुम्ही शिट्टी झाल्यावर मोकळ्या गोलात बॉल ढकलला आणि गुलाल उधळला. गवताला हरवलंय तुम्ही, गवताला."

"गवत हजर तरी होतं, मामा. हैदराबाद नव्हतं."

"बरं. आमच्याबरोबर फायनल झाली, बरोबरीत सुटली, अंधार पडला. दोघांत चषक, सहा-सहा महिने. पहिलं सहा महिने तुम्ही नेला. अजून सहा महिने झालं न्हाईत व्हय रं?"

"तुम्ही मागायला आला नाहीत. आणि तुमच्याही भिंतीवर ते साल रंगवलंय की."

"आमचं रंगवलेलं खरं हाय," मामा म्हणाले. "आणि महापुराचं साल? स्पर्धाच झाली न्हाई. मैदानात म्हशी पोहत हुत्या. तरी तुम्ही विजेते?"

"आदल्या वर्षी चषक आमच्याकडे होता. आम्हाला कोणी हरवलं का? पैलवानाला कोणी पाडलंच नाही तर त्याची गदा जाते का?"

"कुस्तीच झाली न्हाई लेका!"

"मग आम्ही पडलो कुठे?"

हे सगळं चाललंय आणि मी एसी उघडतोय, बरं का. आत अंधार. आणि या अंधारात एक उजेड आला. रुचा मोबाईलची बॅटरी धरून स्टुलाजवळ उभी होती. आता तुम्हाला एसीवाल्याचं दुःख सांगतो… बॅटरी नीट धरणारं माणूस मिळत नाही. आपण वायर बघतो, ते उजेड भिंतीवर पाडतात. आपण ओरडतो, ते आपल्याच डोळ्यांत पाडतात. हिचा उजेड मी काही न बोलता माझ्या बोटांच्या पुढे पुढे जात होता. मामा मागे गर्जतायत, हैदराबाद, म्हशी, गदा… आणि तो उजेड बोटांवरून ढळत नाही. माझं तिथेच ठरलं. लग्न करीन तर हिच्याशीच.

आणि नेमकं तेव्हाच मामांनी डाव टाकला. "हे बघ बाबू. पोरगा कामाचा हायस. मला पसंत हायस. फकस्त चार म्हण. आत्ता सुपारी फोडतो."

एक शब्द. चार. 'चा' आणि 'र'. मुलगी समोर, मामी हसतायत, सुपारी ताटात. तुम्ही म्हणाल, म्हणून टाकायचं. हो ना? इथे आपण काय काय म्हणत नाही? सुपरवायझरने आज बुधवार आहे म्हटलं की मी सोमवारी बुधवार मानतो. कोणी माझं नाव बाबूभाई केलं, कोणी मोहम्मद केलं, मी ओ दिली. सगळं दिलं हो. मग एवढं एक तरी माझ्याकडे राहू दे की.

निवृत्तीकाकांनी तोवर याद्या करायला बसल्यासारखा सौदाच सुरू केला. "पाच करा, मामा. मुलाकडच्यांचाही मान राहील."

"सव्वाचार. आणि बस्ता आम्ही बांधतो."

"साडेपाच. मानपान सोडला."

"आधी एसी," मामी पदराने वारा घेत म्हणाल्या.

मी कपॅसिटर बदलला, जाळी लावली, बटण दाबलं. गार हवा आली. उघडा एसी टाकून निघून जाणं आपल्या धंद्यात बसत नाही. मग खाली उतरलो, शर्ट घातला, वरच्या बटणापर्यंत लावला आणि म्हणालो, "मामा, तुमचं मीठ… म्हणजे पोहे खाल्लेत. पण सात म्हणजे सात." आणि जिना उतरलो.

गाडीत निवृत्तीकाका काय काय बोलले, विचारू नका. "चार म्हणायला जीभ जळत होती? लग्नानंतर नऊ म्हणायचं होतंस." मी खिडकीतून बाहेर बघत होतो. मला रडू येत होतं, पण सातचं नाही. त्या उजेडाचं.

गाडी सुरू होतेय तोवर मामींचा फोन. "भाऊ, तो एसी परत बंद पडला."

माझ्या हातचा एसी? पाच मिनिटांत? मी पिशवी घेऊन वर पळालो. लग्न मोडू दे, कामाचं नाव जायला नको. वर गेलो तर मामा-मामी गच्चीवर गार हवेच्या शोधात, जशी काही ती जूनमध्ये मिळते, आणि रुचा स्वयंपाकघराच्या दारात. मी एसी तपासला, काही बिघाड नाही. मेन बोर्ड उघडला… एसीचा खटका खाली पाडलेला.

मी रुचाकडे बघितलं. ती म्हणाली, "मीच पाडला."

मग तीच बोलली. "तुमच्याआधी दोन स्थळं आली. मामा म्हणाले घाट, ते म्हणाले घाट. एकाला फुटबॉल पायाने खेळतात एवढंच माहीत होतं, त्याने घाटचे अकरा मानले. उद्या मामा म्हणाले असते, हिला नोकरी सोडायला लाव, तर तेही मानलं असतं."

मी मान हलवली. ही बोलायला लागली तसं माझं तोंड पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं.

"मी पण घाटची आहे," ती म्हणाली. "पाच वर्षं त्या पायऱ्यांवर बसून तुमच्या टीमला शिव्या दिल्यात. आता मामा नाहीत इथे. खरं सांगा, पुराचं साल तुम्हाला स्वतःला पटतं?"

तुम्हाला सांगतो, मामा असते तर गदा काढली असती. पण तिच्या हातात अजून तो मोबाईल होता आणि बॅटरी चालूच राहिली होती… मी म्हणालो, "थोडं कमी पटतं."

"मग ते सोडा. सहा राहिले. बरोबरीचं साल अर्धं तुमचं, अर्धं आमचं. साडेपाच. मिरजेचं तुमचं. गवत हजर होतं ना." आणि हसली. "मामांसमोर मात्र सातच म्हणायचं. एकदा मागे सरलात की मंगल कार्यालयसुद्धा तेच ठरवतील."

मामा खाली आले. "झाला एसी?" झाला. "आणि चषक?" मी म्हणालो, सात. मामांनी भाचीकडे बघितलं. ती म्हणाली, "मामा, मला पसंत आहेत." मामांनी सुपारी फोडली, पण फोडताना चार घाव घातले आणि प्रत्येक घाव मोठ्याने मोजला.

झालं लग्न. तेव्हा कुठेही विचारा, मुशैरिबात विचारा, सूक वाकिफ बाजाराच्या भर गर्दीत विचारा, शहाजीमामांच्या तोंडावर विचारा, मी सांगेन, सात म्हणजे सात. फक्त आमच्या घरी येऊन विचारू नका. घरात साडेपाच आहेत. परवा जर्सी वाळत घातलेली बघितली, तर पाठीवर सहाच तारे. म्हणाली, "धुण्यात उसवला असेल." आता अर्धा तारा कापायचा तो उभा की आडवा, याचा विचार करत बसलीय… कात्री मीच आणून दिली.